आधी ‘सोड’, मग ‘धर’

या स्मरणिकेसाठी आजवर मी लसीकरण, बालदमा, कुपोषण अशा माझ्या शाखेतील विषयांवरच लिहीत आलो. या वर्षी राखणीच्या कुत्र्यांच्या शिकवणीवर लिहीत आहे, याचे काही सुहृदांना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात जो रुग्ण आला, त्याने हा विषयही बालरोगतज्ज्ञाचाच आहे हे मला पटवून दिले. ओळख पटू नये म्हणून तपशील किंचित बदलून ती हकीकत प्रथम सांगतो.

बेगम बाजाराचा दिवस आणि रात्र यांत किती अंतर आहे, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. दिवसा सुकामेवा, मसाले आणि भांड्यांच्या घाऊक व्यापारात हमाल, हातगाड्या व बारदानाच्या थप्प्या यांतून वाट काढावी लागते. रात्री शटर खाली आले की त्याच गल्लीत पावलांचा आवाज ऐकू येतो. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड ही जुनी रचना काही घरांनी अद्याप टिकवली आहे. गोदामात माल, घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले, अशा स्थितीत राखणीला कुत्रा असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या इच्छेची मी थट्टा करणार नाही.

माझ्या ओळखीच्या एका शेठजींनी असाच एक अल्सेशियन पाळला. तो आठ महिन्यांचा झाल्यावर त्याला ‘अटॅक’ शिकवण्यासाठी महिना पंधराशे रुपयांवर एक तरुण ठेवला. शिकवणी गच्चीवर चाले. हाताला गोणपाट गुंडाळलेला एक गरीब पोरगा समोरून पळत जाई, कुत्र्याला चिथावले जाई आणि मग सोडले जाई. गोणपाट दातांत आला की सारे टाळ्या वाजवत. नातवाला लस टोचून घ्यायला आले असताना शेठजी मोठ्या कौतुकाने मला म्हणाले, “डाक्टरसाब, एक बार पकड़ा तो छोड़ताच नै!” मी हसलो. कुत्र्याला लस दिली आहे का, जंतांचे औषध देता का, हे विचारले. शिकवणी कोण देतो, कशी देतो आणि पकडलेले सोडायला त्याला शिकवले आहे का, हे मी विचारले नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नासाठीच हा लेख आहे.

दोन महिन्यांनी सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला गेला. तो त्याच गोदामातील हमालाचा मुलगा. बापाचा डबा पोहोचवून, खांद्यावर रिकामी गोणी टाकून तो धावत निघाला होता. कुत्र्याच्या दृष्टीने जे काही शिकवले गेले होते, ते सारे तिथे हजर होते: गोणपाट, पळणारी आकृती आणि मळके कपडे. कुत्र्याने दंड धरला. मूल पडल्यावर गालही फाटला. घरात सात माणसे होती, पण सोडवण्याचा शब्द एकालाही माहीत नव्हता, कारण तो शब्द कुत्र्याला कुणी शिकवलाच नव्हता. अंगावर पाणी ओतल्यावर कशीबशी सुटका झाली.

पुढचे उपचार आपणा सर्वांना पाठ आहेत. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे, टाके घालण्याची घाई न करणे, तिसऱ्या श्रेणीची जखम म्हणून तिच्यातच इम्युनोग्लोब्युलिन देणे (१८ किलो वजनाला मानवी असेल तर ३६० आणि घोड्यापासूनचे असेल तर ७२० युनिट ही कमाल मात्रा), त्वचेत द्यावयाची लस ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, धनुर्वाताची चौकशी, प्रतिजैविक. कुत्र्याला लस दिलेली होती म्हणून आपण यांतले काही वगळत नाही. मूल वाचले. गालावर वण राहिला आहे, आणि बापाचा डबा आता दुसरे कुणी आणते. कुत्रा तेव्हापासून गच्चीवर साखळीला आहे. चूक त्याची नसताना शिक्षा मात्र त्याला झाली.

या प्रसंगानंतर मी या विद्येविषयी मिळेल ते वाचले. वाचताना लक्षात आले की ज्यांनी ही विद्या घडवली, त्यांनी तिची मांडणी आपल्या गच्चीवरील शिकवणीच्या नेमकी उलट केली आहे. कॅप्टन माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी १८९९ मध्ये जर्मन शेफर्ड कुत्र्यांचा संघ स्थापन केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्याची पात्रता जोखण्यासाठी ‘शुट्झहुंड’ ही चाचणी रूढ झाली. २०१९ पासून ती ‘आयजीपी’ या नावाने ओळखली जाते. तिचे तीन भाग असतात: माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला १०० गुण. त्याआधी आज्ञापालनाची आणि गर्दीतील वर्तनाची स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. रस्ता, सायकलस्वार, अनोळखी माणसे यांमध्ये जो कुत्रा शांत राहत नाही, त्याला चाव्याच्या मैदानावर प्रवेश नाही. कुत्रा दीड वर्षाचा होईपर्यंत त्याला पहिल्या श्रेणीच्या परीक्षेलाही बसता येत नाही.

संरक्षणाच्या भागातही पहिली कसोटी न चावण्याची असते. मैदानावरील आडोशामागे जाड बाही घातलेला मदतनीस स्तब्ध उभा असतो. कुत्र्याने त्याला शोधून काढायचे, समोर उभे राहून भुंकत रोखून धरायचे आणि तो हलला नाही तर दात लावायचा नाही. तो पळू लागला किंवा अंगावर आला, तरच बाही पकडायची. आणि आज्ञा मिळताच सोडायची. पुनःपुन्हा आज्ञा देऊनही न सोडणारा कुत्रा बाद होतो. शेठजींनी ज्याला गुण मानले, तो त्या मैदानावर नापास होण्यास पुरेसा दोष आहे.

बालरोगतज्ज्ञाला यात काही नवीन नाही. मूल धावायला आपोआप शिकते; थांबायला त्याला शिकवावे लागते. कुत्र्याचेही तेच. पळत्या वस्तूमागे धावणे आणि ती दातांत धरणे हे त्याला जन्मतःच येते. मग पंधराशे रुपयांत शेठजींनी विकत काय घेतले? जे फुकट होते ते. ज्याला खरोखर मोल पडते ते, म्हणजे उत्तेजित अवस्थेतही ‘सोड’ या शब्दाला मान देणे, त्यांनी घेतलेच नाही. त्याला दोन-तीन वर्षे लागतात, अनुभवी मदतनीस लागतो आणि मालकाला स्वतः दररोज मैदानावर उभे राहावे लागते. कुत्रा शिकवणाऱ्याकडे सोपवून ही विद्या घरी आणता येत नाही. आपल्या शहराजवळ मोईनाबादच्या अकादमीत पोलिसांचे कुत्रे त्यांच्या हाताळणाऱ्या जवानांसह कित्येक महिने प्रशिक्षण घेतात, ते याच कारणासाठी.

यावर एक आक्षेप मला ऐकवला जातो: “म्हणजे सुरक्षिततेचा हक्क फक्त श्रीमंतांना?” आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. कमी पैशांत राखणदार कुत्रा नक्की मिळतो. कमी पैशांत चावणारा कुत्रा सुरक्षितपणे मिळत नाही. चोराला परतवण्याचे बहुतेक काम भुंकणे करते आणि ते कोणताही सजग गावठी कुत्राही करतो. ज्याला या विद्येची खरी ओढ आहे, त्या नवशिक्याने पहिले वर्ष मजबूत पट्टा, लांब दोरी आणि आज्ञापालन यांवर घालवावे. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, ‘सोड’ हे चार शब्द घरातील प्रत्येकाच्या तोंडून पाळले गेले पाहिजेत, अगदी आजीच्याही. जाणकारांच्या सरावाला नुसते बघायला जावे. बघण्याचे पैसे पडत नाहीत. पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत ओढाताणीचे खेळ जपूनच खेळावेत. गच्चीवर गोणपाटाचा खेळ मात्र कधीही मांडू नये आणि घरातील मुलांना वा कामावरच्या पोरांना ‘चोर’ करू नये. फाटक्या कपड्यांतील गरीब म्हणजे चोर, हा धडा कुत्रा आपल्याकडूनच शिकतो. बेगम बाजार ज्यांच्या पाठीवर उभा आहे, त्यांच्याच मुलांवर तो उलटतो.

जातीवर खापर फोडणे सोपे आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली होती. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. त्या यादीत अल्सेशियन नव्हताच. तरीही जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच बंजारा हिल्समध्ये अल्सेशियन अंगावर आल्याने एक तरुण घरपोच सेवा देणारा मुलगा तिसऱ्या मजल्यावरून पडून प्राणास मुकला. पाळीव प्राण्याबाबत पुरेशी दक्षता न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण मुलाच्या गालावरचा वण कलमाने पुसला जात नाही.

आपल्या व्यवसायबंधूंना म्हणूनच माझी विनंती आहे. लसीकरणासाठी येणाऱ्या पालकांना आपण घरात कोण धूम्रपान करते, हे विचारतो. पाणी कुठले पिता, हे विचारतो. त्यात आणखी तीन प्रश्नांची भर घालावी. घरी कुत्रा आहे का? त्याला चावायला शिकवले जात आहे का? असल्यास, ‘सोड’ म्हटल्यावर तो सोडतो का आणि कुणाच्या सांगण्यावरून? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ किंवा नुसते कौतुकाचे हसू असे उत्तर आले, तर त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत शिकवणी थांबवायला सांगावे. पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, एवढे एक वाक्य पालकांना पुरेसे होते, असा माझा अनुभव आहे.

शेठजी आता कुणी नवे पिल्लू आणले की त्याला माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना हेच सांगतो. तो हमालाचा मुलगाही तपासणीसाठी येतो. अलीकडे तो दवाखान्याच्या दारातून आत येण्याआधी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहून घेतो. त्याचे हे पाहणे थांबवण्याचे औषध मला ठाऊक नाही. ते दुसऱ्या कुणा मुलाच्या वाट्याला येऊ नये, याची तजवीज मात्र आपल्या हाती आहे.