बाजार कुठे आहे?

मक्केहून हिजरत करून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना मदीनेच्या हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी सअद यांना बरकतीची दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. बनू कैनुकाच्या बाजारात जाऊन त्यांनी पनीर-तुपाचा व्यापार सुरू केला. जुम्याच्या बयानात आम्ही हा प्रसंग कितीदा तरी ऐकला आहे. तिथे वाहवा होते ती सअद यांच्या दिलदारीची. आलेल्या मुहाजिराने आधी काम मागितले, ही गोष्ट घाईत राहून जाते.

खरी कसोटी मात्र तिथेच लागते. जॉर्डनचे पाहा. २०११ नंतर सीरियातून आलेल्या साडेसहा लाखांहून अधिक लोकांची तिथे निर्वासित म्हणून नोंद झाली. सुरुवातीला शेजाऱ्यांनी आधार दिला. भाषा एक, दीन एक, कित्येकांचे नातेसंबंधही होते. बहुतेक कुटुंबे छावणीत न थांबता मफ्रक, इर्बिद, अम्मानमध्ये भाड्याने राहू लागली आणि मिळेल ते काम करू लागली. तेव्हा सूर बदलला. हे आमची कामे घेतात, कमी मजुरीत राबतात, यांच्यामुळे भाडी वाढली!

या तक्रारीला निव्वळ कोतेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. भाडी खरोखर वाढली होती. अनेक सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या, सकाळी जॉर्डनी मुले, दुपारी सीरियन. त्यात तास किती आखडतात, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगायला नको.

रोजगाराचे चित्र मात्र वेगळे निघाले. अर्थतज्ज्ञांनी तपासले तेव्हा, सीरियन जास्त असलेल्या भागांतही जॉर्डनी लोकांचे काम किंवा मजुरी घटल्याचे दिसले नाही. झळ लागली ती आधीपासून आलेल्या इतर परदेशी मजुरांना. त्यांच्या बाजूने कोण बोलणार?

कमी मजुरीचे म्हणाल, तर परवाना नसलेला माणूस मालक देईल तेवढ्यावर राबतो. पकडले जाण्याच्या धास्तीने तो भांडत नाही. भाव पडतो तो या धास्तीमुळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत जॉर्डनने सीरियनांसाठी सुमारे दोन लाख रोजगार खुले करण्याचे मान्य केले. बदल्यात तिथल्या मालाला युरोपात सवलत मिळणार होती. परवान्याची फी माफ झाली. शेती, बांधकाम, कारखाने यांची दारे उघडली. कापड कारखान्यांत सीरियन बायका फारशा गेल्या नाहीत. कारखाने दूर, पगार तुटपुंजा आणि घरी लहान मुले.

शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर यांचे पेशे मात्र बंद यादीतच राहिले. दमास्कसमध्ये वर्षानुवर्षे गणित शिकवलेला माणूस अम्मानमध्ये विटा वाहू शकतो. त्याचा परवाना मिळतो. वर्गात शिकवण्याचा मिळत नाही.