शंकेची पाल

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत या सदरात मी बाल्कनीतल्या तुळशीबद्दल लिहिलं होतं. यंदाचा विषय वाचून काही जणी पान उलटतील, पण जरा थांबा. विषय आहे पाल.

गेल्या वर्षी आमच्या अल कुसैसच्या इमारतीतलं एक कुटुंब कायमचं भारतात परतलं. सोफा, कुंड्या, सायकल सगळं वाटून झालं आणि शेवटी एक काचेची पेटी आमच्या दारात आली. आत लेपर्ड गेकोची दोन पिल्लं. "दोघी बहिणी आहेत, काकू. वेगळ्या करू नका हं," असं त्यांच्या मुलानं बजावलं. दिवाळीचे दिवस, म्हणून माझ्या लेकीनं नावं ठेवली चकली आणि करंजी. सांगलीहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अगं, पाल अंगावर पडली तर आपण आंघोळ करतो, आणि तू ती पाळतेस?"

ही पाल भिंतीवर चढत नाही. तिला पापण्या असतात, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात आणि जाड शेपटीत ती चरबी साठवते. मूळची ती अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडची. आपल्या महाराष्ट्रातल्या खडकाळ माळावरही तिची एक बहीण-जात राहते. लोक विषारी समजून तिला मारतात, पण तिला विष नसतं. तिला मारू नये आणि पाळायला पकडूनही आणू नये.

उन्हाळ्यात करंजीची शेपटी बारीक दिसू लागली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन ४६ ग्रॅमवरून ३७ वर आलेलं. मानेवर चावल्याच्या खुणा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. प्राण्यांच्या डॉक्टरांनी चकलीला उलटं धरलं आणि म्हणाले, "हा नर आहे." मागच्या पायांच्या मध्ये व्ही आकारात ठळक छिद्रांची ओळ आणि शेपटीच्या मुळाशी दोन फुगवटे. पिल्लांमध्ये हे दिसत नाही. साधारण सहा महिन्यांनंतर कळतं. "बहिणी" म्हणणाऱ्या मुलाची काही चूक नव्हती.

नर सतत सोबत असला की मादीच्या मागे लागतो, मान चावून धरतो. ती एका वेळी दोन अंडी घालते आणि एका मोसमात असं अनेकदा होतं. प्रत्येक वेळी अंगातलं कॅल्शियम जातं, हाडं कमकुवत होतात, कधी अंडं पोटातच अडकतं. करंजीला तर अजून वर्षही झालं नव्हतं. त्याच संध्याकाळी आम्ही दुसरी पेटी आणली.

"आई, दोघांना एकटं नाही वाटणार?" लेक रडवेली झाली. शाळेत शिकवायचे तेव्हा असे प्रश्न मला आवडायचे. घरात ते जड जातात. मी म्हटलं, "आपण तुळशीचंही लग्न लावणारी माणसं, त्यामुळे आपल्याला जोडी दिसते. या पाली एकट्या राहणाऱ्या. तिला सोबत नकोय, स्वस्थपणा हवाय."

आता दोन पेट्यांच्या मध्ये पुठ्ठा आहे, एकमेकांना दिसू नये म्हणून. प्रत्येकीत एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २५च्या आसपास. आपल्याकडे एसी दिवसरात्र चालतो, म्हणून खाली गरम होणारी चटई आणि तिला थर्मोस्टॅट हवाच. नाहीतर पोट भाजतं. लपायला दोन्हीकडे जागा, शिवाय कात टाकायला एक ओलसर डबा. किडे द्यायचे ते कॅल्शियमची पूड लावून. दोन नर तर कधीच एकत्र ठेवू नयेत, जीव जाईपर्यंत भांडतात.

वेगळं केल्यावरही करंजीनं दोन अंडी घातली. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते, हे मला तेव्हा कळलं. अंडी उबवायची का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. उबेच्या तापमानावर नर की मादी ठरतं, हे वाचून लेक हरखली होती. पण ही जात पंधरा-वीस वर्षं जगते आणि आपला व्हिसा दोन वर्षांचा. त्या पिल्लांना कुणाच्या दारात ठेवणार? डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुढची अंडी आम्ही घातल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवली. लेक त्या रात्री जेवली नाही. मीही तिला आग्रह केला नाही.

करंजी आज ५४ ग्रॅमची आहे, शेपटी पुन्हा गुबगुबीत. सासूबाई कॉलवर आधी नातीला विचारतात, मग "तुझ्या त्या करंजीनं खाल्लं का?"

तुमच्या इमारतीतलं कुणी परत निघालं आणि अशी "जोडी" देऊ लागलं, तर हो म्हणण्याआधी पोटाखाली बघून घ्या. पिल्लं लहान असतील तर वाट बघू नका. दुसरी पेटी आधीच आणा.