दात दाखव, ग्रुपवर टाक!

घरातल्या शेंडेफळाला ब्रेसेस लागल्या की एक नवा डायलॉग सुरू होतो. 'ब्रश केलास का रे?' आई किचनमधून. 'हो गं!' साहेब बाथरूममधून. आत जाऊन जेमतेम चाळीस सेकंदं झालेली असतात. तुम्ही या घरातले कमावते ताई किंवा दादा असाल आणि ब्रेसेसचे हप्ते तुमच्या पगारातून जात असतील, तर हा डायलॉग कान देऊन ऐका. पैसा तुमचाच आहे, बॉस!

ब्रेसेस म्हणजे दातादातावर चिकटवलेले ब्रॅकेट्स आणि त्यांतून ओवलेली तार. पाव, बिस्किट, चिप्स, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. त्यावर जंतू ताव मारतात, आम्ल तयार करतात आणि इनॅमलमधली खनिजं निघून जायला लागतात. मग ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग पडतात. दुर्लक्ष झालं तर चार आठवड्यांतसुद्धा! आणि ट्रीटमेंट चालते साधारण दीड-दोन वर्षं. म्हणजे ब्रेसेस निघतात तेव्हा दात एकदम रांगेत, पण त्यांच्यावर डागांची नक्षी. काही डाग पुढे फिके होतात, काही कायमचे राहतात.

यावर मोबाईलमध्ये इलाज आहे का? अ‍ॅप्स तर आहेतच. ब्रिटनमधल्या एका डेंटिस्टचं 'ब्रश डीजे' २०११ मध्ये आलं. तुमच्याच फोनमधलं गाणं दोन मिनिटं वाजणार, गाणं थांबेपर्यंत ब्रश चालू. आयडिया झकास! रिमाइंडर देणारी अ‍ॅप्सही आहेत. पण रिमाइंडरचं काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पाणी प्या, खुर्चीतून उठा, जिमला जा... अंगठा फिरवला की गायब. पंधरा वर्षांच्या पोराचा अंगठा तर आपल्यापेक्षा फास्ट.

इटलीतल्या व्हेरोनाच्या डॉक्टरांनी मात्र वेगळीच शक्कल लढवली. ब्रेसेसवाल्या ८० मुलामुलींचे त्यांनी दोन गट केले. ब्रश कसा करायचा हे दोन्ही गटांना शिकवलं, पण एका गटाला शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये घेतलं. आपल्या दातांचे सेल्फी काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे! २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ग्रुपवाल्यांच्या दातांवर प्लाक कमी होता, हिरड्या जास्त चांगल्या होत्या आणि नवे पांढरे डागही कमी होते.

यात गंमत बघा. हे काही खास दातांसाठी बनवलेलं अ‍ॅप नव्हतं. फरक पडला तो बहुधा दोस्तमंडळी बघतायत म्हणून. अलार्मला कुणी लाजत नाही, मित्रांना लाजतं!

मग करा की सुरुवात. ब्रेसेसवाली दोन-तीन चुलत-मावस भावंडं किंवा क्लासमधली पोरं जमवा आणि छोटा ग्रुप काढा, पण आधी पोरांना विचारून. फोटो फक्त दातांचा, चेहरा नको. कुणाची टिंगल नाही आणि फोटो ग्रुपबाहेर जाणार नाहीत. फ्लोराइडची पेस्ट, तारेच्या वरून आणि खालून तिरका ब्रश, तारेमागच्या फटींसाठी बारका इंटरडेंटल ब्रश, एवढं सामान पुरे. डेंटिस्टना विचारून डिस्क्लोजिंग टॅब्लेट्सही आणा. त्या चावल्या की राहिलेला प्लाक रंगतो. आठवड्यातून एकदा हा रंगीत फोटो टाकायचा. मग 'केला की ब्रश!' ही थाप चालत नाही. पांढरा डाग दिसलाच, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावायचा.

आणि हो, ग्रुपचे अ‍ॅडमिन तुम्ही असाल, तर आठवड्याचा पहिला फोटोही तुमचाच. सकाळी ९.०७ची लोकल पकडायच्या नादात उरकलेला ब्रश त्यात लगेच दिसतो!