दोन दरबार, एक सोंगाड्या

तमाशात गण, गौळण आणि बतावणी आटोपल्यावर जो कथाभाग रंगतो त्याला वग म्हणतात, आणि या वगातले राज्य कोणत्याही नकाशावर सापडत नाही, ही त्याची सर्वांत मोठी सोय आहे. नावापेक्षा हुद्द्यानेच ओळखले जाणारे राजा, प्रधान आणि कोतवाल, आणि त्यांच्यात लुडबुडत वेड पांघरून खरे बोलणारा सोंगाड्या, एवढ्याच भांडवलावर वसंत सबनीसांनी १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची उभारणी केली. दादा कोंडके यांचा हवालदार त्यात चालू राजकारणावर ऐनवेळी टोमणे मारत असे, पण ‘तो मीच’ म्हणत उठून उभे राहणे कोणाही मंत्र्याला परवडणारे नव्हते. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ साली हे कवच टाकून नाना फडणविसांना नावानिशी मंचावर आणले, तेव्हा वाद सत्तेवरून घसरून एका ऐतिहासिक पुरुषाच्या अब्रूवर गेला.

बेळगाव-निपाणी सीमाभागाला कल्पित राज्य शोधायला लांब जावे लागत नाही, कारण इथले वास्तवच वगाच्या संहितेसारखे आहे. १ नोव्हेंबरला एकाच शहरात एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या रस्त्यावर काळा दिन पाळला जातो. हलग्याजवळ २०१२ साली उद्घाटन झालेले सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची दुसरी इमारत, वर्षातील थोडेच दिवस अधिवेशनाने गजबजते. डिसेंबर २०२२ मध्ये तर एका विधिमंडळाने बेळगावात ‘एक इंचही देणार नाही’ या अर्थाचा आणि दुसऱ्याने नागपुरात ८६५ गावे घेण्याचा ठराव केला, तोही पाच-सहा दिवसांच्या अंतराने, आणि १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, याचा दोन्ही दरबारांना जणू विसर पडला. येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक २०१४ साली काढला गेला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा काढला गेला आणि लाठ्या चालल्या; हा प्रसंग रचायला नाटककाराला कल्पनाशक्ती फारशी लागली नसती.

अशा वगात एका गावासाठी दोन राजे आणि दोन प्रधान असावेत, आणि सोंगाड्या असावा शेतकरी. कन्नडमध्ये मिळालेला शेताचा उतारा घेऊन तो पहिल्या दरबारात जातो, तर प्रधान विचारतो, ‘वाचता येत नाही, मग शेत तुझे कशावरून?’ दुसऱ्या दरबारात त्याला हार घालून, अस्मितेवर तासभर भाषण ऐकवून, उतारा न वाचताच परत पाठवतात. मराठीतून कागदपत्रे द्या, ही इथल्या भाषिक अल्पसंख्याकांची जुनी मागणी या दोन प्रवेशांत जेवढी कळेल तेवढी शंभर निवेदनांत कळणार नाही.

यावर रास्त आक्षेप असा की, बेळगावजवळच्या हिंडलग्यात हसावे कसे? कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात १९८६ साली झालेल्या गोळीबारातील हुतात्म्यांचे स्मारक इथेच आहे आणि दरवर्षी १ जूनला लोक तिथे नतमस्तक होतात. तथापि अण्णाभाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, माणसे बळी जात असतानाच, वग आणि छक्कड वापरले; त्यांची चेष्टा सिंहासनावर बसलेल्यांची होती, मेलेल्यांची नव्हती. ही मर्यादा पाळली तर हसण्याने हुतात्म्यांचा अवमान होत नाही. तो दरवर्षी तेच आश्वासन देणाऱ्या पुढाऱ्यांकडून होतो.

दुसरी अडचण कानडी शेजाऱ्यांची सांगितली जाते, आणि ती बरीचशी बनावट आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते कानडी भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या अधिपतींनी सुचवल्यावरून, आणि गिरीश कर्नाडांचे कन्नड ‘तुघलक’ मराठीत आणले ते तेंडुलकरांनी. लहरी राजाच्या आडून स्वतंत्र भारतातील भ्रमनिरास दाखवण्याची युक्ती तिकडेही होतीच. तेव्हा दोन राजांच्या वगाला कानडी प्रेक्षक रुसेल, असे मानायला आधार नाही. रुसतील ते दोन्ही दरबारांतले प्रधान.

सीमाभागातील मंडळे यात्रेला नाटके बसवतातच. येत्या हंगामात एखाद्या मंडळाने असा वग बसवावा, बतावणी दोन्ही भाषांत ठेवावी आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या पुढाऱ्यांसाठी राखू नयेत.