मंदावलेले फोन आणि कंपनीचे मौन

जुने मोबाईल मुद्दाम मंद केले जातात ही तक्रार म्हणजे भाबड्यांचा भ्रम होय, असे मानणाऱ्या सुज्ञांना आम्ही डिसेंबर २०१७ ची आठवण करून देऊ इच्छितो. त्या महिन्यात ॲपल कंपनीने मान्य केले की, आयफोन ६, ६ एस, एसई व ७ यांचा वेग तिने सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांद्वारे कमी केला होता. ही कबुलीही आपखुशीची नव्हती; जॉन पूल या तंत्रज्ञाने जुन्या फोनांच्या वेगाचे आकडे प्रसिद्ध केल्यावर ती आली.

कंपनीची बाजू आम्ही नाकारीत नाही. लिथियमची बॅटरी वापराने झिजते, ताण पडताच तिला पुरेशी वीज देता येत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. ते टळावे म्हणून वेगाला लगाम घातला, हे स्पष्टीकरण तंत्रदृष्ट्या पटण्यासारखे आहे. मग ते आधीच का सांगितले नाही? बॅटरी बदलली की फोन पूर्ववत चालेल, एवढे एक वाक्य पडद्यावर झळकले असते तर कित्येकांनी नवा फोन घेतलाच नसता. माफी मागितल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला. म्हणजे उपाय होता, आणि तो स्वस्तात देता येत होता!

आठवी आज्ञा केवळ खोट्या साक्षीपुरती नाही, सत्य दडविण्यालाही ती लागू आहे. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये ॲपलला २.५ कोटी युरोंचा दंड केला तो नेमका ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल. अमेरिकेत त्याच वर्षी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, पण दोष मान्य न करता. पैसे मोजायचे आणि अपराध नाकारायचा, अशा पापनिवेदनाला आमच्या धर्मग्रामातील कोणते फादर क्षमा देतील?

आमच्या घरांत थोरल्याचा जुना फोन आईकडे व तिच्याकडून आजीकडे जातो. तो अडखळू लागला की आजी म्हणते, "मलाच जमत नाही रे बाबा." यंत्राच्या झिजेचा दोष म्हातारीने स्वतःवर घ्यावा, ही आम्हाला दंडाच्या कोट्यवधींहून मोठी लबाडी वाटते.

युरोपीय संघाने जून २०२५ पासून नव्या फोनांचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही ७ वर्षे पुरविणे बंधनकारक केले आहे. आपल्या केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले. संकेतस्थळाने बॅटरी मिळत नाही. सुट्या भागांची सक्ती येथेही हवी, आणि वेग कमी करण्यापूर्वी मालकाची संमती हवी, तीही त्याला समजेल अशा मराठीत.