धूर मागे का वाकतो?



यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला वाफेच्या इंजिनावर धावताना आम्ही पाहिली आहे. १९९४ साली ते इंजिन गेले, आता गाडीही बंद आहे. पण तो धूर अजून डोळ्यांसमोर आहे. वारा नसला आणि गाडी दारव्हा स्टेशनात उभी असली, की धूर सरळ वर जाई. गाडी निघाली, की तोच धूर मागे वाकून डब्यांवर लोळे.

परवा शेजारच्या दहावीतल्या मुलीने विचारले, "काका, आकाशातही वारा असतो का?" आम्ही तिला शकुंतलेचाच दाखला दिला.

काही दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य वस्त्यांच्या, मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असते. त्याच्या जवळून विद्युतभारित कणांचे दोन झोत विरुद्ध दिशांना सुटतात. त्यांचा वेग सुरुवातीला प्रकाशाच्या वेगाजवळ असतो. हे झोत रेडिओ लहरी सोडतात. दीर्घिकांच्या समूहात अतिविरळ, पण कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेली 'एनजीसी १२६५' ही दीर्घिका अशा वायूतून सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. समोरून वायूचा दाब येतो आणि दोन्ही झोत शेपटीसारखे मागे वाकतात. अगदी इंजिनाच्या धुरासारखे!

या लहरी टिपणारी मोठी दुर्बीण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) आणि सहकाऱ्यांनी ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी वापरल्याने वजन आणि खर्च दोन्ही वाचले.

मुलीचे वडील कापसाच्या बाजारात हमाली करतात. ते म्हणाले, "भाऊ, हे शिकून पोट भरते का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही म्हणालो, अशी दुर्बीण चालवायला शास्त्रज्ञ लागतात, तसे वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि कॉम्प्युटरवालेही लागतात. आणि दुसरी गोष्ट पोटाहून थोडी मोठी आहे. तो वायू डोळ्यांना दिसत नाही. झोताच्या वाकण्यावरून त्याचा माग लागतो, आणि क्ष-किरणांच्या दुर्बिणी त्याची साक्ष देतात. न दिसणाऱ्या गोष्टीचा पुरावा मागायची सवय ज्या मुलीला लागली, तिला ताईत-अंगारेवाला फसवू शकत नाही.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घेऊ दे तिला सायन्स."

तुमच्या घरातल्या प्रश्नालाही गप्प बसवू नका.