गृहगणित : वाट्यांची बेरीज-वजाबाकी

चाकण आणि महाळुंगे या बाजूस जेथें पूर्वीं शेतें डुलत, तेथें आज कारखाने उभे आहेत, व जमिनीचा भाव गुंठ्यागुंठ्यावर ठरत आहे. वाटणीपत्रांतील हिस्से मात्र अपूर्णांकांतच लिहिले जातात. २००५ सालच्या कायद्यानें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीसही मुलाइतकाच हक्क मिळाल्यापासून ते अधिकच बारीक झाले आहेत. म्हणून या खेपेस आम्ही अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीची एक सोपी युक्ति वाचकांपुढें ठेवीत आहों.

समजा, ४८ गुंठे सामाईक जमिनींत एकाचा वाटा ५/१२ आहे, व त्यानें चुलतभावाचा १/८ वाटा विकत घेतला. कित्येक मुलें अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवून ६/२० म्हणून मोकळीं होतात. परंतु ६/२० म्हणजे साडेचौदा गुंठेही भरत नाहींत. मूळचा वाटाच २० गुंठ्यांचा होता! पैसे मोजून जमीन घटावी, हें कोणत्या हिशेबांत बसतें?

छेद सारखे झाल्यावांचून बेरीज होत नाहीं. त्यासाठीं एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदानें गुणावा, हा तिरकस गुणाकार सर्वांस ठाऊक असतो. पण त्यांत ५२/९६ अशा अवजड संख्या येतात. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मधील ‘लीलावती’ ग्रंथांत यावर तोड सांगितली आहे : छेदांना प्रथम साधारण विभाजकानें भागून घ्यावें. १२ व ८ यांस ४ नें भागतां ३ व २ येतात. आतां ५ ला २ नें व १ ला ३ नें गुणावें. १० आणि ३. बेरीज १३. छेद १२ × २ = २४. उत्तर १३/२४, म्हणजे २६ गुंठे. पडताळा पाहा : २० आणि ६ मिळून २६च.

तो वाटा घेण्याऐवजीं विकला असता, तर १० मधून ३ वजा. ७/२४, अर्थात् १४ गुंठे.

उत्तरास कधीं आणखी संक्षेप द्यावा लागतो, हें मात्र विसरूं नये. १/६ व १/१० यांची बेरीज या रीतीनें ८/३० येते; ती ४/१५ लिहावी.

घरांतील मुलांमुलींकडून हीं उदाहरणें अवश्य करवून घ्यावींत. खरेदीखतावर एकदां सही झाल्यावर चुकलेली बेरीज निस्तरणें फार महागांत पडतें. कागदावर पेन टेकण्यापूर्वीं ती तपासण्यास पांच मिनिटें पुरतात.